खंडीय ज्युदो संघटना नेमकं करते काय, आणि त्या ‘मूल्यां’चं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रत्येक देशाचा ज्युदो महासंघ आहे, वर आंतरराष्ट्रीय महासंघ (आयजेएफ) आहे, मग मध्ये ही खंडीय संघटना कशाला? त्यांच्या बॅनरवर झळकणारी मूल्यं शोभेपुरती की त्यांना काही अर्थ आहे? आणि खेळाडूवर अन्याय झाला तर तिथे दाद मागता येते का?

आधी एक गैरसमज. आयजेएफने कामाच्या सोयीसाठी खंडाखंडात शाखा उघडल्या, असं बऱ्याच जणांना वाटतं. युरोपपुरतं तरी उलटं आहे. युरोपियन ज्युदो युनियन (ईजेयू) लंडनमध्ये १९४८ साली स्थापन झाली आणि आयजेएफ त्यानंतर, १९५१ मध्ये. ज्या जपानात हा खेळ जन्मला तो देश १९५२ मध्ये आत आला, आणि ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचे चिरंजीव रिसेई कानो अध्यक्ष झाले. आज युरोप, आशिया, आफ्रिका, पॅन-अमेरिका आणि ओशनिया अशा पाच संघटना आहेत. त्यांचे सदस्य म्हणजे देशांचे महासंघ. ते अध्यक्ष निवडतात आणि तो आयजेएफच्या कार्यकारी समितीत बसतो.

खेळाचे नियम बनवणं यांच्याकडे नाही. उभ्या लढतीत पाय पकडायला बंदी आली, युको हा छोटा गुण गेला, २०२५ मध्ये परत आला, हे सगळं आयजेएफचं. खंडाकडे असतं स्पर्धांचं वेळापत्रक, आणि माझ्या मते खरी ताकद तिथेच आहे. कॅडेट आणि ज्युनिअर गटांच्या कप स्पर्धा, मग कॉन्टिनेंटल ओपन, मग खंडीय अजिंक्यपद अशी ती चढण. ओपन जिंकली तर जागतिक क्रमवारीचे १०० गुण, खंडीय अजिंक्यपदाला ७००. आयजेएफच्या ग्रँड स्लॅम स्पर्धेला १००० मिळतात हे लक्षात घेतलं की खंडीय सुवर्णाचं वजन कळतं. ज्या महासंघाकडे खेळाडूंना जगभर फिरवायला पैसा नाही, त्याच्यासाठी जवळपासची ओपन हीच पहिली पायरी. ती कुठे भरवायची, कधी भरवायची, यावर कुणाची कारकीर्द सुरू होणार हे बऱ्याचदा ठरतं.

ऑलिंपिकचंही तसंच. पॅरिस २०२४ साठी प्रत्येक वजनगटात क्रमवारीतून १७ जण थेट पात्र ठरले. त्याशिवाय खंडांसाठी १०० जागा राखीव होत्या: युरोप २५, आफ्रिका २४, पॅन-अमेरिका २१, आशिया २०, ओशनिया १०, आणि त्यातून एका देशाला जास्तीत जास्त एक. यावर दरवेळी ओरड होते की युरोपातला वरच्या क्रमांकाचा खेळाडू घरी बसतो आणि खालचा कुणी दुसऱ्या खंडातून जातो. ओरड खोटी नाही. पण या जागा काढल्या तर कित्येक देशांचा ज्युदो ऑलिंपिकच्या तातामीवर, म्हणजे लढतीच्या चटईवर, दिसणारच नाही, म्हणून मी कोट्याच्या बाजूने आहे.

आता मूल्यं. मैत्री, सन्मान, आदर, नम्रता, धैर्य, आत्मसंयम, प्रामाणिकपणा, सौजन्य ही आठ कलमं फ्रान्समधून पसरली आणि आता जवळपास प्रत्येक डोजोच्या (ज्युदोच्या सरावगृहाच्या) भिंतीवर असतात. भिंतीवरच्या कागदावरून काही कळत नाही, हे मान्य. मी सांगेन, स्पर्धेच्या दिवशी ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, तपासणीच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहा. खेळाडू हात समोर ताठ धरतो, बाही मनगटापर्यंत पोचते का आणि पुरेशी सैल आहे का ते मोजतात. पट्ट्याची टोकं गाठीपासून २० ते ३० सेंटीमीटर हवीत. नवख्याला हा कारकुनी छळ वाटतो. पण तोकडी किंवा घट्ट बाही म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकड नाही, म्हणजे लढतीआधीच त्याची अर्धी संधी हिरावलेली. वजनाचंही तसंच: आदल्या दिवशी वजन झालं तरी सकाळी चिठ्ठी टाकून काहींना पुन्हा काट्यावर उभं करतात. ६० किलो गटातला खेळाडू ज्युदोगीशिवाय ६३ किलोच्या वर भरला की बाहेर. अंगातलं पाणी काढून पोरं वजन उतरवतात, त्याला लावलेला हा चाप. आदर वगैरे जे म्हणतात ते मला अशा ठिकाणी दिसतं.

दुसरी जागा म्हणजे शिबिरं. ऑस्ट्रियातल्या मिटरसिलला जानेवारीत ईजेयूचं मोठं शिबिर भरतं. महिन्याभरात ज्याच्याशी पदकासाठी भिडायचं त्याच्याशीच तिथे रांदोरी (सरावाची मुक्त लढत) करायची, तीही एकमेकांच्या आवडीच्या पकडी पुरत्या कळेपर्यंत. इतर खेळांत लोक डावपेच लपवतात. कानोंचं ‘जिता क्योएई’, म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं भलं एकत्र, हे तत्त्व मला कुठल्याही भाषणापेक्षा या शिबिरात जास्त पटलं.

मूल्यांपायी संघटना किती ताणून धरू शकते याचं उदाहरण २०१५ चं. युरोपियन अजिंक्यपद ग्लासगोला ठरलेलं. ब्रिटिश ज्युदोने यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट कंपनीचं प्रायोजकत्व घेतलं, आणि ईजेयूने आमच्या मूल्यांत हे बसत नाही म्हणत यजमानपदच काढून घेतलं. स्पर्धा शेवटी बाकूला, युरोपियन गेम्समध्ये झाली. गंमत बघा, तेव्हा यूएफसीची सगळ्यात झळकती विजेती होती राँडा राउझी, बीजिंग २००८ ची ज्युदोतली कांस्यपदक विजेती! यात तत्त्व किती आणि धंद्याची हद्द राखणं किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दोन्ही दिसतं.

आणि हीच ईजेयू व्लादिमिर पुतिन यांना वर्षानुवर्षं मानद अध्यक्ष म्हणून मिरवत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर आयजेएफने आपल्याकडचं त्यांचं मानद पद आधी स्थगित केलं, मग काढून घेतलं. ईजेयूचे रशियन अध्यक्ष सर्गेई सोलोवेचिक यांनी त्याच दिवसांत राजीनामा दिला. प्रायोजकाच्या लोगोवर जी तत्परता दिसली ती इथे आधी का दिसली नाही, हे विचारायलाच हवं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. खेळाडू खंडीय संघटनेचा थेट सदस्य नसतो, म्हणून तक्रार आधी आपल्या महासंघातूनच जाते. महासंघच दबाव टाकत असेल तर? २०१९ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत इराणच्या सईद मोल्लाईवर इस्रायली खेळाडूशी लढत टळावी म्हणून हरण्याचा दबाव आला. त्यात कारवाई केली ती आयजेएफने. इराणच्या महासंघाचं बेमुदत निलंबन लोझानच्या क्रीडा लवादाने २०२१ मध्ये रद्द केलं, मग आयजेएफने त्या महासंघावर चार वर्षांची बंदी घातली. मोल्लाई तोवर मंगोलियाकडून खेळू लागला होता आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्य जिंकलं. तेव्हा असं काही असेल तर लेखी पुरावा जपा आणि थेट आयजेएफला लिहा. स्पर्धेच्या आयोजनाबद्दल किंवा पंचांच्या नेमणुकीबद्दल तक्रार असेल, तर मात्र तुमच्या महासंघामार्फत खंडीय संघटनेलाच.