ताप ९९ असतानाही वडिलांना अतिदक्षता विभागात का हलवले?

आपल्या ७१ वर्षांच्या वडिलांना न्यूमोनियासाठी दाखल केले तेव्हा ताप जेमतेम ९९ होता आणि खोकलाही बेताचाच होता. तरीही डॉक्टरांनी ‘रात्रीपासून असंबद्ध बोलतात का?’ एवढे विचारून आणि श्वास मोजून त्यांना थेट अतिदक्षता विभागात हलवले, हे आपल्याला खटकले आहे. छातीच्या विकारांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काढल्यावर मला तो निर्णय योग्य वाटतो.

खोकला, कफ, अंगदुखी यांवरून आजार ओळखता येतो, पण तो पुढे कोणते वळण घेईल हे त्यांवरून फारसे कळत नाही. उतारवयात तर पुष्कळदा ताप चढतच नाही, आणि त्यामुळेच घरचे निर्धास्त राहतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कर्ब-६५’ या, न्यूमोनिया किती गंभीर आहे ते ठरवणाऱ्या गुणपद्धतीत ताप नाही. भ्रम (म्हणजे असंबद्ध बोलणे, दिवस-वेळेचे भान नसणे), रक्तातील युरिया ७ मिलीमोल प्रतिलिटरपेक्षा जास्त, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी अथवा खालचा ६० किंवा त्याहून कमी, आणि वय ६५ किंवा अधिक, यांना प्रत्येकी १ गुण आहे. आपल्या वडिलांचे श्वास ३२ होते. म्हणजे वय, भ्रम आणि श्वास मिळून, रक्ताचा अहवाल येण्याआधीच ३ गुण झाले होते. मूळ अभ्यासात ० किंवा १ गुण असलेल्यांपैकी सुमारे १.५ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले, तर ३ किंवा अधिक गुण असलेल्यांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते.

यातला श्वासाचा आकडाच सर्वांत निष्काळजीपणे घेतला जातो, याचे मला फार वाईट वाटते. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवायचे आणि पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल मोजायची, कारण श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणसाचा श्वास नकळत बदलतो. घाईत मात्र अंदाजाने ‘२०’ लिहिले जाते.

कर्ब-६५ मध्ये ऑक्सिजनची पातळी धरलेली नाही, आणि कोविडमध्ये ती ८० टक्क्यांपर्यंत उतरलेली असताना नीट बोलणारे रुग्ण आम्ही पाहिले. ब्रिटनमध्ये २०२० साली कोविडच्या रुग्णांसाठी तयार झालेल्या ‘४सी’ गुणपद्धतीत ऑक्सिजन, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि जुने आजारही धरले आहेत.

मात्र २२ टक्के हा आकडा गटाचा आहे, आपल्या वडिलांचा नव्हे, आणि तो दाखल होतानाच्या स्थितीवर बेतलेला आहे. त्यामुळे आज भेटीच्या वेळी सिस्टरांना सकाळचे श्वास किती होते ते विचारा, आणि वडिलांना आजचा वार सांगता येतो का तेही पाहा.