रसायनमुक्त गुळाच्या छोट्या व्यवसायात नवीन उत्पादने कोणती काढावीत आणि वाढ किती धरावी?

आपला प्रश्न मला असा समजला: निपाणीजवळ आपले घरचे गुऱ्हाळ आहे, तीन हंगाम आपण हायड्रोस (गुळाचा रंग उजळ करणारी गंधकयुक्त पावडर) न घालता गूळ करून विकत आहात, गिऱ्हाईक ठरलेले आहे, पण विक्री आहे तिथेच थांबली आहे. आता गुळाच्या कुकीज आणि प्रोटीन बार काढावेत, की पुण्याच्या वितरकाच्या सांगण्याप्रमाणे गुळाचा रंग थोडा उजळ करून जास्त माल द्यावा, आणि हे करताना तत्त्व कसे सांभाळावे, असे आपण विचारले आहे. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात नऊ वर्षे याच धंद्यात आहे. आमच्याकडे गूळ पावडर, काकवी आणि नाचणीचे लाडू होतात आणि हंगामात अकरा माणसे कामाला असतात. जे लिहितो आहे ते एवढ्याच अनुभवातून.

आधी रंगाचा विषय संपवतो. हायड्रोसने आलेला पिवळेपणा टिकत नाही. ढेप काही महिने ठेवली की ती पुन्हा काळवंडते, आणि आत गंधकाचा अंश मात्र राहतो. गुळात सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत ७० भागांपर्यंत कायद्याला चालतो, म्हणजे वितरक आपल्याला बेकायदा काही करायला सांगत आहे असे नाही. प्रश्न आपण गिऱ्हाइकाला काय सांगितले आहे याचा आहे. येथे एक सुधारणा मी आपल्यालाही सुचवीन. ‘रसायनमुक्त’ हा शब्द आम्ही तिसऱ्या वर्षी पाकिटावरून काढून टाकला, कारण पावडरीला दाणा नीट यावा म्हणून आम्ही रसात खाण्याचा चुना घालतो आणि चुना हेही रसायनच आहे, हे एका शाळामास्तरांनी आमच्या दुकानात उभे राहून सांगितले. त्यांचे बरोबर होते. आता आम्ही लिहितो की रसातली मळी काढण्यासाठी भेंडीची चिकी आणि चुना वापरला आहे, हायड्रोस आणि रंग वापरलेला नाही. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ असे शब्द कोठे वापरता येतात यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे दाव्यांविषयीचे नियमही आहेत, ते एकदा वाचून घ्यावेत. आपण काय करणार नाही याची अशी दोन ओळींची यादी हातात असली की नवीन उत्पादनाचा निर्णय पुष्कळ सोपा होतो.

नवीन उत्पादन कोठून सापडते, याबद्दल माझे मत थोडे हट्टी आहे. मॉलच्या फळीवर काय खपते ते पाहून काढलेले आमचे एकही उत्पादन टिकले नाही. गुऱ्हाळावर जी अडचण वारंवार येत होती तिच्यातून निघालेली दोन टिकली. हंगामाच्या शेवटी येणारा किंवा तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस घेतला की त्याच्या रसातली साखर फुटलेली असते आणि गूळ बसत नाही. ढेप मऊ पडते. असा गूळ आम्ही पूर्वी पडेल भावाने देत होतो. मग गुळव्यानेच, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरानेच, सुचवले की काहील (रस आटवायची मोठी कढई) चुलवाणावरून आधीच उतरवावी. घट्ट गुळासाठी पाक ११८ ते १२० अंशांपर्यंत न्यावा लागतो, काकवीला १०५-१०६ अंश पुरतात. साखर बाटलीच्या तळाशी बसू नये म्हणून थोडा लिंबाचा रस घातला, गाळून गरम असतानाच भरली, आणि जो माल तोट्यात जात होता तो ढेपेपेक्षा चांगल्या दराने जाऊ लागला. पावडरीची गोष्टही तशीच आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असा पडतो की दुकानातली ढेप पाझरते, मुंग्या लागतात आणि दुकानदार ती परत पाठवतो. ओलावा दोन-तीन टक्क्यांखाली आणलेली पावडर घट्ट पिशवीत बंद केली की पावसाळा काढते.

कुकीजही आम्ही करून पाहिल्या आहेत, म्हणून त्याविषयी जरा स्पष्ट लिहितो. कुकीमध्ये गूळ एक पंचमांशही नसतो. बाकीचा मैदा आणि वनस्पती तूप आम्ही बाजारातून आणत होतो आणि त्याची खात्री देणे आम्हाला शक्य नव्हते. भट्टी भाड्याची, स्पर्धा मोठ्या कारखान्यांशी, आणि आमचे जे एकमेव बळ, म्हणजे ऊस कोणाच्या शेतातला आहे हे सांगता येणे, त्याला त्या पाकिटात काही किंमत उरली नाही. सात महिन्यांत बंद केले. प्रोटीन बारमध्ये आपला स्वतःचा माल किती टक्के असेल, हे आधी कागदावर काढून पाहावे.

लिज्जत पापडाचा इतिहास या बाबतीत मला फार उपयोगी वाटतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सर्वांना ठाऊक असते. पुढे १९७० च्या दशकात संस्थेने अनेक बाजूंनी हात पसरले, ही बाब कमी सांगितली जाते. पिठाची गिरणी, छपाई आणि वेष्टनाचा विभाग ही पापडाला लागूनच असलेली कामे होती आणि ती चालली. चामड्याच्या वस्तू आणि काडेपेट्या मात्र चालल्या नाहीत. आपल्या भागातच पाहायचे तर गोकाकचे करदंट म्हणजे गूळ, डिंक आणि सुका मेवा, म्हणजे आपल्या मालाला लागूनच असलेले काम. (बेळगावचा कुंदा दूध चुलीवर विसरल्यामुळे जन्माला आला असे सांगतात, खरे-खोटे देव जाणे, पण गोष्ट गुऱ्हाळवाल्याला पटण्यासारखी आहे.) गेल्या चार वर्षांत आमची सर्वांत मोठी वाढ कोणत्याही नवीन पाकिटातून झालेली नाही; बेळगाव आणि गोकाकच्या मिठाई करणाऱ्यांना आम्ही दहा-दहा किलोच्या पिशव्यांतून विनानावाची पावडर देतो, त्यातून झाली आहे. त्यांना प्रत्येक घाण्याला एकसारखा गूळ लागतो, रंगाची तक्रार ते करत नाहीत, आणि पैसे महिन्याच्या आत येतात.

पैशाचा हा मुद्दा मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण तत्त्वे बहुधा उधारीच्या वहीत मोडतात. एक टन उसातून साधारण ११० किलो गूळ निघतो. ऊस टनाला ३,३०० रुपये धरला तर किलोमागे ३० रुपये नुसत्या उसाचेच झाले. मजुरी, चुना, पोती, वीज वेगळी, जळणाला मात्र चिपाड घरचेच. गूळ चार-पाच महिन्यांत करायचा आणि वर्षभर विकायचा, म्हणजे दहा टन गूळ साठवायचा झाला तर केवळ उसापोटी तीन लाख रुपये अडकतात. साखर कारखान्यांना १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यावे लागतात. आम्ही तीच मुदत स्वतःला लावून घेतली आहे. आता वितरक जर तीन महिन्यांनी पैसे देणार असेल, तर मधल्या अडीच महिन्यांचा भार कोणी तरी उचलायचा असतो, आणि सवयीने तो शेतकऱ्यावर किंवा गुळव्याच्या पगारावर पडतो. पाचव्या वर्षी आम्ही एका बाहेरगावच्या वितरकाला एकदम चार टन माल दिला होता. त्याने पाच महिन्यांनी निम्मे पैसे दिले आणि उरलेला गूळ पाझरलेल्या अवस्थेत परत पाठवला. त्या वर्षी तीन शेतकऱ्यांचे देणे पाडव्यापर्यंत राहिले. त्यांच्यापैकी एकाने पुढच्या हंगामात ऊस दिला नाही, आणि त्याला बोल लावण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

लाडवांनी दुसरी मर्यादा शिकवली. पाणी कमी असल्यामुळे त्यांना बुरशी लागत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण शेंगदाणा आणि तूप हवा-उजेडाने खवट होतात, त्याला पाण्याची गरज नसते. पहिली खेप सहा आठवड्यांनी परत आली. टिकाऊपणासाठी काही घालण्यापेक्षा आम्ही मुदत २१ दिवसांवर आणली आणि लाडू बेळगाव शहराबाहेर पाठवायचे नाहीत असे ठरवले. त्यामुळे लाडवांची विक्री वाढत नाही, आणि ती तशीच राहणार हे आम्ही मान्य केले आहे.

यंत्रासाठी पैसे हवे असल्यास २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बेळगाव जिल्ह्यासाठी गूळ हेच उत्पादन निवडलेले आहे आणि कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान त्यात ठेवलेले होते; सध्या अर्ज घेतले जातात का, हे कृषी खात्यात विचारावे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेचे छोटे अभ्यासक्रम घेण्यासारखे आहेत. पाकिटावर मराठीबरोबर कन्नड मजकूर ठळक घालावा; बैलहोंगल आणि सौंदत्तीकडचे गिऱ्हाईक आम्हाला त्यानंतरच मिळाले.

आपल्या जागी मी असतो तर वितरकाला या हंगामात आहे त्याच रंगाच्या पन्नास ढेपा रोखीने घेण्याबद्दल विचारले असते आणि तो नाही म्हणाला तर विषय तेथेच सोडला असता. कुकीजचा खर्च वाचवून फेब्रुवारीनंतरच्या उसाच्या दोन काहिली काकवीसाठी उतरवल्या असत्या, शंभर बाटल्या भरून त्यांतल्या दहा पुढच्या गणपतीपर्यंत घरातच ठेवल्या असत्या, आणि तळाशी साखर बसते की नाही हे पाहूनच छापील लेबलाची ऑर्डर दिली असती.