डास टिकले, गिधाडं का नाही?

डास फवारणीला सरावतात, मग गिधाडं गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाला का सरावली नाहीत? (वाचक, कोथरूड)

'सरावणं' या शब्दानं घोटाळा होतो. फवारणीतून वाचलेला डास सरावलेला नसतो. विष पचवण्याची ताकद त्याच्या अंगात जन्मतःच असते. बाकीचे मरतात, त्याची पिलावळ उरते. डासाची मादी एका खेपेला शंभरभर अंडी घालते आणि उकाड्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षं लागतात. त्यांना पिढ्याच मिळाल्या नाहीत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली ९९ टक्क्यांहून जास्त गेली. औषध टोचलेलं जनावर मेलं की मांसातून ते गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंडं निकामी होतात आणि यकृत-हृदयावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर चढतो. इतकं भयंकर मरण एका साध्या वेदनाशामकानं दिलं.

मग म्हशीला ताप-सूज आली तर काय द्यायचं? (वाचक, मुळशी)

डॉक्टरांकडे मेलोक्सिकॅम मागा. डोस वजन बघून तेच ठरवतील. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ पासून, तर अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन २०२३ पासून बंद आहेत. अ‍ॅसिक्लोफिनॅकचं गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं, तेव्हा 'हे वेगळं आहे' असं कुणी म्हटलं तरी घेऊ नका. यातली सुई टोचलेलं जनावर आठवड्याच्या आत दगावलं, तर उघड्यावर न टाकता खोल पुरा.

टँकमधला सकर मासा फार वाढलाय. मुठा नदीत सोडू का? (वाचक, कर्वेनगर)

कृपा करून सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. पाण्यातला प्राणवायू संपला की तो वर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या अस्तरातून ती शोषतो. सांडपाण्यानं गुदमरलेल्या नदीत इथले मासे तडफडतात, हा मात्र मजेत राहतो आणि काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. दुकानदाराला परत द्या.

चिमणीसाठी लाकडी घरटं लावलं, पण ती येत नाही. (वाचक, सदाशिव पेठ)

भोक ३२ मिलिमीटरच ठेवा, मोठं असलं तर साळुंकी घुसते. पुढे काठी नको. दुपारचं ऊन न लागणाऱ्या भिंतीवर ८-१० फुटांवर टांगा. दाणे ठेवून भागत नाही. पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या-किडेच लागतात. कुंडीतल्या झाडावर मावा दिसला तरी फवारू नका.