वाचकांचे प्रश्न : साठीनंतर कराटे

प्रश्न : माझे वय ६१ आहे. तरुणपणी मी गावच्या आखाड्यात कुस्ती खेळत असे. नोकरी लागली आणि कुस्ती सुटली. आता नातवासोबत कराटे शिकावे असे वाटते, परंतु जिना उतरताना गुडघे दुखतात. काय करावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : अवश्य शिका, मात्र त्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब, हृदय आणि गुडघे तपासून घ्या. उतारवयात स्नायू झिजतात आणि तोल कमी होतो, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा व्यायाम सुचवते. कराटेतील ‘काता’, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, यासाठी उपयोगी पडतात, कारण त्यांत शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यावा लागतो. पवित्रा फार खाली घेऊ नका, आणि समोरासमोरची लढत तूर्त टाळा.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या जुन्या पैलवानी सवयीची: मनाला शंभर बैठका आठवतात, गुडघ्यांना त्या झेपत नाहीत. सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठा-बसा, आणि गुडघा आत न झुकता पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो ना, हे आरशात पाहा. दुसऱ्या दिवशी सूज आली, तर प्रमाण निम्मे करा. आपल्या खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा सराव उन्हं चढण्यापूर्वीच उरका.