सातबारावर आजोबांचं नाव नाही, मग जमिनीचा जुना माग कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मूळ गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. आजोबा मुंबईला गिरणीत, त्यांचे थोरले भाऊ गावी शेती बघायचे. दोघेही आज हयात नाहीत, वडीलही गेल्या वर्षी गेले. ऑनलाइन सातबारा काढला तर त्यावर फक्त चुलत काकांची नावं. आपला हक्क संपला का, आणि जुनी कागदपत्रं कुठे बघायची?

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मुंबईत गिरणीवर गेलेल्यांची मुलं-नातवंडं हाच प्रश्न घेऊन चावडीत यायची, आणि त्यातले कित्येकजण "नाव नाही म्हणजे संपलं" असं समजून परत जायचे. तसं समजू नका. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यावरची नोंद खरी धरतात, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. मालकी ठरते ती वारसा, खरेदीखत, वाटणी, न्यायालयाचा हुकूमनामा अशा गोष्टींनी. त्यामुळे नाव सातबारावरून कधी गेलं आणि कुठल्या कारणाने गेलं, हे तुम्हाला शोधायचं आहे. किंवा ते मुळात लागलंच नव्हतं का, हेही.

तुमच्या हकिकतीवरून मला पहिला संशय येतो तो ए.कु.मॅ. नोंदीचा. एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी भाऊ एकत्र असले की सातबारावर फक्त थोरल्याचं नाव लागायचं आणि पुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' अशी अक्षरं असायची. धाकटे भाऊ मुंबईला असोत की शेजारच्या खोलीत, त्यांचं नाव कागदावर यायचं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक असायचं की जमीन सर्वांची आहे. पुढे थोरला भाऊ वारला की वारसनोंदीच्या वेळी वर्दी द्यायची त्याचीच मुलं, आणि नावं लागायची तीही त्यांचीच. ए.कु.मॅ. ही अक्षरं त्या फेरफारात, म्हणजे बदलाच्या नोंदीत, गळून जायची. तिथून पुढे कागद बघणाऱ्याला वाटतं, जमीन पहिल्यापासून त्या एकाच शाखेची. तुमच्याकडे असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण शोधताना नजर आधी त्या तीन अक्षरांवर ठेवा.

आता सुरुवात. 'महाभूमी'च्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीत सातबारा फुकट बघता येतो. गट क्रमांक माहीत नसला तरी आडनावाने शोध घेता येतो. आडनावाचं लेखन दोन-तीन प्रकारे करून बघा, ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानेही नाव सापडत नाही. चुलत काकांच्या नावाने 'आठ अ' काढा. आठ अ म्हणजे खातेउतारा. त्या खातेदाराच्या नावावर गावात कुठले कुठले गट आहेत ते एका कागदावर दिसतं. एकच सातबारा बघून थांबलात तर बाकीचे तुकडे नजरेआड राहतील. कुठे सादर करायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तो चालतो.

आणि हे काम लॅपटॉपसमोर बसण्याआधी घरातल्या वयस्कर बायकांशी बोला. सातबारावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. माळ, पट्टी, मळवी, विहिरीचं रान अशी नावं. ज्या आजींना गट क्रमांक म्हणजे काय ते माहीत नसतं, त्यांना शेताचं नाव, शेजारी कुणाचं रान होतं, ओढा कुठल्या बाजूला होता हे चोख आठवतं. मी स्वतः अशा माहितीवरून गट शोधून दिले आहेत.

सातबारा हातात आला की भोगवटादाराच्या नावाशेजारी, फे.फा. या रकान्यात, आकडा दिसेल. तो फेरफार क्रमांक. त्या नावाच्या मागची सगळी हकिकत त्या आकड्यात आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. त्यात प्रत्येक नोंदीला क्रमांक, तारीख, बदलाचं कारण, कोणत्या गटांवर परिणाम झाला, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचा मंजुरीचा शेरा असतो. तुमच्या चुलत काकांच्या नावासमोरचा फेरफार काढा. तो बहुधा वारसाचा असेल. त्यात मयताचं नाव असेल. मग त्या मयताचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो काढा. मग त्याच्या आधीचा. अशी साखळी मागे मागे नेत राहा. जुन्या हस्तलिखित सातबारावर कमी झालेल्या नावाला कंस किंवा आळे केलेलं असतं आणि फेरफाराचा आकडा वर्तुळात असतो. आळे केलेली नावं नवीन नावांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचा.

या साखळीत दोन प्रकारचे फेरफार अख्ख्या गावाला लागू झालेले दिसतील, त्यांना घाबरू नका. एक, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले त्याचा. दुसरा, एकत्रीकरण योजनेचा. पहिल्याने क्षेत्राचा आकडा बदललेला दिसतो, जमीन तेवढीच राहते. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे साधारण ४०.४७ आर. दीड एकराचं रान नव्या कागदावर ०.६०.७० असं दिसेल. दुसरा फेरफार मात्र नीट बघायला हवा. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव सर्व्हे नंबर मोडून गट पाडले. विखुरलेले तुकडे एकत्र आणताना अदलाबदल झाली. आजोबांच्या काळच्या कागदावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असणार, तुमच्या हातात गट क्रमांक आहे. या दोहोंची जोड घालायला एकत्रीकरणाच्या योजनेचा उतारा लागतो. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात '९(३), ९(४) चा उतारा' मागा. तिथल्या माणसाला लगेच कळेल. त्यात जुना नंबर, जुना कबजेदार आणि नवा गट एकत्र दिसतात. चुका सर्वात जास्त याच टप्प्यावर झालेल्या मी पाहिल्या: क्षेत्र कमी लागणं, भावाचं नाव सुटणं, एकाचा गट दुसऱ्याच्या नावे लागणं.

त्याहून मागे जायचं तर कडईपत्रक. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा. त्यानंतर गावोगाव जी मूळ हक्कपत्रकं झाली त्यातला हा कागद. तुमच्या पणजोबांचं नाव मिळायची शक्यता इथे आहे. नाव 'अमुक बिन तमुक' असं, वडिलांच्या नावासकट आणि कित्येकदा आडनावाशिवाय असेल. म्हणून जाताना घराण्याची वंशावळ लिहून न्या. खापरपणजोबांपर्यंत नावं माहीत असली तर उत्तम. सुमारे १९५० पर्यंतचे बरेच कागद मोडी लिपीत आहेत. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत. पुराभिलेख विभागाच्या परीक्षा दिलेले वाचक लिप्यंतर करून देतात. त्यांच्याकडूनच करून घ्या, अंदाजाने वाचलेली मोडी पुढे न्यायालयात टिकत नाही. (मराठवाड्यातले कुणी हे वाचत असतील तर त्यांचे कागद निराळे. निजामाच्या राज्यामुळे तिथे १९५४-५५ चं खासरापत्रक हा महत्त्वाचा आधार आहे आणि नावात 'बिन'च्या जागी 'वलद' येतं.)

हे जुने फेरफार आणि उतारे कुठे मिळतात? काही गावांचे स्कॅन केलेले अभिलेख महाभूमीवरच सापडतात, ते आधी बघा. नाही सापडले तर तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. नकलेचा अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. अर्जात "सर्व जुने कागद द्यावेत" असं लिहू नका. गाव, गट क्रमांक, फेरफार क्रमांक, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे सातबारे, असं नेमकं लिहा. नेमक्या अर्जाला नक्कल मिळते, मोघम अर्ज टेबलावर पडून राहतो. नोंदवही जीर्ण झाली आहे किंवा उपलब्ध नाही असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. त्या लेखी उत्तरालाही पुढे किंमत असते. गावचा तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याला जरूर भेटा. जुनं दप्तर त्याच्याकडे नसेलही, पण ते कुठे जमा झालं हे तो सांगू शकतो.

सातबारा वाचताना आणखी दोन जागा बघा. भूधारणा पद्धतीत 'भोगवटादार वर्ग २' असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. वतनाच्या, कुळकायद्याने मिळालेल्या, सरकारने दिलेल्या जमिनी बहुतकरून या वर्गात येतात. कुळकायद्याचा उल्लेख असेल तर १ एप्रिल १९५७, कृषक दिन, या तारखेच्या आसपासचे फेरफार काढा. त्या दिवशी जमीन कोण कसत होतं यावर पुढचं पुष्कळ काही ठरलं. दुसरी जागा 'इतर अधिकार'. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, आणि फार वेळा घरातल्या मुलींची नावं असतात. कुठे हिस्सा आण्यांत लिहिलेला दिसेल. सोळा आणे म्हणजे पूर्ण जमीन, पाच आणे चार पै म्हणजे तिसरा हिस्सा.

मुलींवरून एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुमच्या आत्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. असतील तर वंशावळीत त्यांचं नाव पहिल्यापासून घाला. मुलीचं नाव इतर हक्कात लिहिलं म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हक्क मुलाइतकाच आहे. आत्यांना नको असेल तर त्या नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतील, पण तो निर्णय त्यांचा. स्वतःच्या आजोबांवर झालेला अन्याय दूर करायला निघालेल्या माणसाने दुसऱ्याचं नाव गाळू नये. मी वारसाच्या चौकशीत बसलेला असताना ज्या बहिणीला कुणी बोलावलंच नव्हतं ती दारात येऊन उभी राहिली, असे प्रसंग पाहिले आहेत.

गावठाणातलं घर सातबारावर शोधू नका. ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत असेल. स्वामित्व योजनेत गावाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही निघाली असेल. ती कुणाच्या नावे आहे ते लगेच तपासा.

समजा कागदांवरून दिसलं की थोरल्या आजोबांची नोंद ए.कु.मॅ. म्हणून होती आणि वारसनोंदीत तुमची शाखा सुटली. तर पहिल्यांदा चुलत काकांकडे जा, सगळ्या नकला घेऊन, आवाज न चढवता. खूपदा त्यांनाही आपल्या वडिलांच्या वेळी काय झालं ते माहीत नसतं, आणि समजुतीने वाटणी होते. तसं झालं तर वाटणीपत्र नोंदणीकृत करा किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. तोंडी कबुलीवर घरी परतू नका.

समजूत झाली नाही तर मार्ग दोन. मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम २४७ खाली अपील. त्याची मुदत ६० दिवस आहे. ती केव्हाच उलटली असणार, म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत लागतो आणि नोंद तुम्हाला केव्हा कळली ते सिद्ध करावं लागतं. नकलेवर ती मिळाल्याची तारीख असते, ती मूळ प्रत जपा. कलम १५५ खाली अर्ज करा असं कुणी सुचवेल. ते कलम लेखनप्रमादासाठी आहे, वारस सुटल्याचा वाद त्यात सहसा बसत नाही आणि तुमचा वेळ जातो. दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. हिस्सा किती आणि कुणाचा हे महसूल अधिकारी ठरवू शकत नाही, तो अधिकार दिवाणी न्यायालयाचाच. एका सहहिस्सेदाराचा ताबा साधारणपणे सर्वांच्या वतीने धरला जातो. पण तुमचा हक्क त्यांनी उघडपणे नाकारला असेल तर मुदतीचं गणित बदलतं. म्हणून त्यांनी हक्क नाकारल्याचं कधी कुणाला काही लिहून दिलं आहे का, कुठल्या जुन्या दाव्यात किंवा फेरफाराच्या हरकतीत तसं म्हटलं आहे का, हे वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा.

दरम्यान, कागद जमवत असताना जमीन विकली जाऊ नये म्हणून दर आठवड्याला दोन गोष्टी बघत राहा. महाभूमीवरच्या 'आपली चावडी'त तुमच्या गावच्या नव्या फेरफारांच्या नोटिसा लागतात. हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली की नोंद विवादग्रस्त म्हणून नमुना सहा 'अ' मध्ये जाते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधा, म्हणजे त्या गटावर एखादं खरेदीखत किंवा साठेखत (विक्रीचा करार) झालं असेल तर कळेल. तसं काही दिसलं तर बाकीचे कागद मिळायची वाट न बघता त्याच आठवड्यात वकील गाठा.

पहिल्या वारसनोंदीचा फेरफार हाती आला की त्यातला मजकूर, नावं आणि गट क्रमांक झाकून, इथे टाका. मी वाचून सांगेन.