मुक्काम किती उंचीवर, ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न : घाट, खोरी आणि उंच खिंडींतला सायकल प्रवास

प्रश्न : वय ५४. त्र्यंबक, वणी नेहमी करतो, नाशिक–पंढरपूर सायकल वारीही झाली आहे. आता मनाली–लेह करायचं आहे. आमच्या गटातले म्हणतात, आठ दिवसांत सहज होतं. मला जमेल का?
– एक वाचक, सिडको

जमेल, पण आठ दिवसांत करू नका. पाय तुमचे तयार आहेत, त्याबद्दल मला शंका नाही. मला काळजी आहे ती रात्रींची.

या रस्त्याचं नाव काढलं की लोक खिंडी मोजतात. रोहतांग ३९७८ मीटर, बारालाचा ४८९० च्या आसपास, मग नाकी ला, पाच हजारांवरची लाचुंग ला आणि शेवटी तांगलांग ला ५३२८. खिंडीवर आपण अर्धा तास थांबतो, फोटो काढतो आणि उतरतो. त्रास होतो तो झोपतो त्या उंचीचा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण थांबावं, असं डॉक्टर सांगतात. आपल्या कळसूबाईचं टोक १६४६ मीटरवर आहे आणि मनालीचा बाजारच २०५० मीटरवर भरतो. म्हणजे नाशिककराच्या शरीराला मनालीपासूनच सगळं नवं असतं.

आता हा नियम रस्त्यावर लावून बघा. केलाँग-जिस्पापर्यंत ठीक आहे, तिथली उंची ३१००-३२०० मीटर. जिस्पाला दोन रात्री काढा. पुढचा नेहमीचा थांबा झिंगझिंगबार, ४२७० च्या आसपास, म्हणजे एका दिवसात हजार मीटरची उडी. तंबू असेल तर मध्ये पत्सेओच्या आसपास एक रात्र टाका. सगळ्यांत अवघड तुकडा सरचू ते पांग. दोन्ही ठिकाणं चार हजारांच्या वर, मध्ये गाटा लूप्सची एकवीस वळणं आणि दोन खिंडी. तिथे कुणाला त्रास झाला तर खाली उतरायला जागाच नाही. कुठल्याही बाजूला गेलात तरी आधी एखादी खिंड चढावी लागते. म्हणून सरचूत डोकं दुखत असेल, जेवण जात नसेल, तर पुढे निघू नका.

रोज संध्याकाळी एक गोष्ट करा. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर टाचेला चवडा लावत दहा पावलं चाला आणि सोबत्यालाही चालायला लावा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट बघायची नाही. मिळेल त्या गाडीने त्याच रात्री खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. आपल्या डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. चोपन्नाव्या वर्षी हृदयाची तपासणी आणि रक्तदाब बघून मगच तारखा ठरवा.

तरीही माझं ऐकाल तर पहिल्यांदा श्रीनगर–लेह करा. सव्वाचारशेच्या आसपास किलोमीटर. श्रीनगर १५८५ मीटर, झोजी ला ३५२८, मग द्रासवरून उतरत कारगिल २६७६, पुढे नामिका ला, फोतू ला ४१०८ आणि लामायुरू. चढता, परत उतरता, शरीराला दम खायला मिळतो. मुक्काम साडेतीन हजारांच्या फारसे वर जात नाहीत. झोजी लाच्या वाहतुकीच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी पोलीस नाक्यावर विचारून घ्या. लेहला तीन दिवस राहून मग खारदुंग ला करा. तिथल्या पाट्यांवर वर्षानुवर्षं अठरा हजार फुटांच्या वरचा आकडा मिरवायचा, पण मोजणीत ती ५३५९ मीटर भरते. मला त्या खिंडीचं प्रेम आहे, तिला खोट्या आकड्याची गरज नाही.

मनालीचा रस्ता त्यानंतरच्या वर्षी, सप्टेंबरात करा. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला दरडी कोसळतात आणि रोहतांगपलीकडे आकाश कोरडं असतं. इगतपुरीत झोडपून काढणारा पाऊस सिन्नरला पोचेपर्यंत संपतो, तसंच. भूगोल शिकवताना मी पर्जन्यछायेचा प्रदेश याच दोन गावांवरून समजवायची. बारालाचावर पोचलात की थोडं थांबून दोन्ही बाजूंना बघा. चंद्रा आणि भागा या खिंडीच्या दोन अंगांना उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून तांदीला भेटतात आणि पुढे चिनाब होतात. नकाशावर हे वर्षानुवर्षं दाखवलं होतं. भागेच्या काठाने वर येत ते डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा मला भरून आलं होतं.

प्रश्न : हिमालयाच्या सरावासाठी कसारा घाट चढला तर चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर

कसाऱ्यात ट्रक-कंटेनरची रांग असते, धूर छातीत जातो आणि चढ आहे जेमतेम तीनशे मीटरचा. मनालीहून रोहतांग त्याच्या सहापट. तिथे जाऊ नका. आपल्याकडे याहून चांगले रस्ते आहेत. पेठ रोडचा सावळघाट, त्र्यंबकच्या पुढे मोखाड्याकडे तोरंगण घाट, पावसाळा सरता सरता त्र्यंबक–पहिने–घोटी. माझ्या मते सर्वांत उपयोगी नांदुरी ते सप्तशृंगी गड. दहाएक किलोमीटर सलग चढ, आणि गडावर राहण्याची सोय.

पण रिकाम्या सायकलने नको. दोन्ही पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांत, तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या भरा. शनिवारी गडावर मुक्काम, रविवारी उतरून सापुतारा, सोमवारी दिंडोरीमार्गे घरी. एका दिवसाचा पराक्रम टूरमध्ये कामाचा नाही. दमलेल्या पायांनी दुसऱ्या सकाळी परत सीटवर बसता येतं का, हे बघायचं. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून शहरात लांब पल्ल्याची ओढ वाढली. त्याचा मला अभिमान आहे. पण शर्यतीचा सराव वेगळा, सामान घेऊन खिंडी ओलांडण्याचा वेगळा.

गड उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी घट्ट दाबा, सोडा, पुन्हा दाबा, पुढचा-मागचा आलटून पालटून. मध्ये थांबून डिस्कजवळ हात न्या, लावू नका, धग लांबूनच कळते. करपल्यासारखा वास आला तर ब्रेक पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊ लागला आहे. तांगलांग लाची उतरण याच्या कितीतरी पट लांब आहे. तिथे मेटल पॅडची एक जोडी जवळ असू द्या.

प्रश्न : माझ्या हायब्रिडला पुढे ४८-३८-२८ आणि मागे १४-२८ आहे. दुकानदार म्हणतो नवी सायकल घे. बजेट नाही.
– एक विद्यार्थी, पंचवटी

नवी सायकल नको, मागची चक्री बदल. हिशोब बघ. तुझे आकडे चक्रीच्या दात्यांचे आहेत. सातशे मापाच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. पुढे २८ मागे २८ म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्यास तासाला साडेसात किलोमीटर. पातळ हवेत सामान घेऊन हा वेग तुला दिवसभर चढावर टिकवता येणार नाही. मग फेऱ्या मंदावतात, गुडघे कुरकुरतात आणि तू उतरून ढकलायला लागतोस. मागे ३४ दात्यांची चक्री टाकलीस तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग सहाच्या आसपास येतो. पुढे २२ असेल तर पाचच्या खाली, आणि गाटा लूप्सला तोच लागतो. ३४ बसवताना मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा लांब आहे ना, हे मिस्त्रीकडून बघून घे. चेनही बहुधा लांब लागेल.

डिरेलर फ्रेमला अडकवणारा तुकडा, म्हणजे डिरेलर हँगर, जास्तीचा घे. बस-रेल्वेत सायकल आडवी पडली की हाच तुकडा वाकतो, आणि तुझ्या मॉडेलचा लेहला मिळेल याचा भरवसा नाही. जास्तीचे स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ठेव. मागच्या चाकात डाव्या-उजव्या बाजूच्या स्पोकची लांबी वेगळी असते, दोन्ही मापं घे.

प्रश्न : मुलगी वीस वर्षांची. दोन मैत्रिणींबरोबर सायकलने स्पितीला जायचं म्हणते. पाठवू का?
– एक आई, नाशिक रोड

पाठवा, ताई. फक्त दिशा तिला नीट धरायला सांगा. शिमल्याकडून किन्नौरमार्गे वर जायचं : रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. सतलज आणि स्पितीच्या खोऱ्यांतून उंची हळूहळू वाढते. शेवटी कुंझुम ला ४५५१ मीटर ओलांडून चंद्रेच्या खोऱ्यात उतरायचं. उलट, मनालीकडून निघालं तर दोन-तीन दिवसांतच कुंझुम समोर उभी राहते.

कुंझुम उतरल्यावर लागणाऱ्या बातलच्या पुढचा रस्ता दगडधोंड्यांचा आहे आणि नाले रस्त्यावरून वाहतात. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारनंतर नाल्याला पाणी वाढतं, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे. मुलींना पहाटे निघायची सवय आत्तापासून लावा. तुम्ही दोघींनी बसून कागदावर तारीखवार मुक्कामाची गावं लिहा, एक प्रत फ्रिजवर लावा. वाटेत रेंज नसते, त्यामुळे एखाद्या रात्री फोन आला नाही म्हणून घाबरू नका. किती तासांनी कुणाला विचारायचं, तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : डाळ-तांदूळ बरोबर न्यावे का?
– एक वाचक, देवळाली

नको. पांगच्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि इंधन संपतं. तंबूवाल्यांकडे राजमा-भात मिळतो, तो गरम गरम खा. जवळ पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू ठेवा. उंचीवर भूक मरते, पण ओळखीच्या चवीचं चार घास जातं. पोह्यांवर कोमट पाण्याचा हबका मारून, मेतकूट आणि मीठ घालून पाच मिनिटं झाकून ठेवा. कांदा मनालीतच घ्या.