शेडचे सगळे पैसे आधीच द्यावेत का?

प्रश्न: ट्रॅक्टर, अवजारं आणि चारा ठेवायला पोल बार्न पद्धतीचं, म्हणजे जमिनीत खांब पुरून उभं करायचं आठ खणांचं शेड बांधायचं आहे. जवळच्याच एका कंत्राटदाराचं कोटेशन १०० धरलं, तर बाहेरच्या एका कंपनीचं ८८ आहे. काम १२ आठवड्यांचं. जवळचा म्हणतो, करार करताना २०, चौथ्या आठवड्यात माल आल्यावर ३०, आठव्या आठवड्यात पत्रे चढल्यावर ४० आणि शेवटी १० द्या. नाहीतर आजच सगळे द्या, ६ टक्के सूट देतो. ६० मुदत ठेवीतून निघतील, ४० चं कर्ज ११ टक्क्यांनी मिळतंय. सध्या गोदामाच्या भाड्यात वर्षाला ९ जातात. काय करावं?

उत्तर: आधी ती सूट बाजूला ठेवा. ६ टक्के ऐकायला बेताचे वाटतात, म्हणून हिशेब मांडून पाहू. आज २० ऐवजी ९४ दिलेत, म्हणजे ७४ जास्त गेले. त्या बदल्यात पुढचे ८० वाचले. हे ८० तुम्ही तसेही सरासरी ७ आठवड्यांनी देणारच होतात. ७४ वर ६, म्हणजे ७ आठवड्यांत सुमारे ८ टक्के. वर्षाच्या भाषेत सरळव्याजाने ६० टक्क्यांच्या घरात. तुम्हाला बँक कर्ज देते ११ ने आणि हा माणूस तुमच्याकडून ६० ने पैसे उचलायला तयार आहे, तेही कसलंही तारण न ठेवता. असा माणूस एक तर हिशेबाला कच्चा असतो, नाहीतर त्याला दुसरीकडे कोणी उभं करत नसतं. अशा वेळी तुमच्या पैशांतून आधीच्या गिऱ्हाइकाचे पत्रे येतात आणि तुमचे पत्रे येण्यासाठी पुढचं गिऱ्हाईक सापडावं लागतं.

एवढ्यावरून माणूस वाईट ठरत नाही. "टप्प्यांनीच देईन" म्हणून सांगा. सहज तयार झाला तर पुढे बोला, कुरकुर करू लागला तर समजून जा.

आता ८८ की १००? या बांधकामात भिंतींखाली सलग पाया नसतो. छताचं वजन आणि वाऱ्याचा जोर, दोन्ही खांबांतून थेट जमिनीत जातात. १९३० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत रुळली ती याच काटकसरीमुळे. पण त्यामुळेच खर्चात हात आखडायची सगळ्यात सोपी जागाही जमिनीखालीच असते. खड्डा किती खोल, खांबाखाली काँक्रीट किती, वाऱ्याने खांब उपसू नये म्हणून काय केलंय, लाकूड जमिनीत पुरण्याच्या प्रतीचं आहे का, यातलं काहीही माती लोटल्यावर दिसत नाही. खिळ्यांचंही तसंच: लाकडात मुरवलेल्या तांब्याच्या रसायनाने साधे खिळे लवकर गंजतात, जाड जस्ताचा थर दिलेलेच लागतात. या गोष्टी दोघांकडूनही कोटेशनमध्ये आकड्यांनिशी लिहून घ्या. बहुधा ८८ चे ९५ होतील. तरीही ८८ च राहिले, तर जवळच्याला घासाघीस करून खाली आणा. हाकेच्या अंतरावर असण्याचे ५-६ जास्त मी देईन, १२ देणार नाही.

आणि नुसतं जवळ राहणं म्हणजे हमी नव्हे. त्याने दहाएक वर्षांपूर्वी बांधलेलं एखादं शेड बघून या. मालकाला विचारून खांबालगतची वीतभर माती उकरा आणि लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. खांब कुजायला लागतो तो जमिनीच्या पातळीशी, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात.

मला खरी काळजी कर्जाची वाटते. भाड्याचे ९ वाचतील, पण विमा आणि डागडुजीचा दीड तरी वजा करा. उरले साडेसात. म्हणजे १०० च्या शेडवर साडेसात टक्के सुटतात आणि कर्ज ११ ने. कर्जाच्या पैशांतून उभा राहणारा भाग स्वतःचं व्याजसुद्धा फेडत नाही. उघड्यावर गंजणाऱ्या अवजारांचं नुकसान धरलं तर चित्र थोडं सुधारतं, पण तो आकडा प्रत्येक जण आपल्या सोयीने फुगवतो, म्हणून मी धरत नाही.

तेव्हा कर्ज कमी करा. या पद्धतीत काँक्रीटची जमीन इमारतीचा भार घेत नाही, त्यामुळे ती दोन वर्षांनीही घालता येते. तोवर खडी अंथरून दाबून घेतली की ट्रॅक्टरचं काही अडत नाही. कोटेशनमध्ये जमिनीचे किती धरलेत ते वेगळं काढून मागा. आठाऐवजी आज सहाच खण बांधले तरी चालेल, पुढे टोकाला दोन जोडता येतात. मात्र हे आत्ताच सांगा, म्हणजे टोकाची कैची त्या बेताने बसेल. थांबू नये अशी गोष्ट एकच: पत्र्याखालचा थर. तो नसेल तर थंडीत पत्र्याला आतून घाम सुटून चाऱ्यावर ठिबकतो, आणि नंतर घालायचा तर पत्रे उतरवावे लागतात.

ठेवीतून ६० काढल्यावर निदान सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहत नसेल, तर खण आणखी कमी करा, ठेवीला हात लावू नका.

करारात दोन बदल मागा. मालाचे ३० शक्यतो पुरवठादाराला थेट द्या, पावती तुमच्या नावावर घ्या. शेवटचे १० काम संपल्यावर लगेच नाही, पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. तोवर सध्याच्या गोदामाचा करार सोडू नका.